गॅस बॉयलर बदलताना : इंग्लंडच्या रेडिंगमधल्या घराच्या प्रकल्प नोंदी

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

वार्षिक सर्व्हिससाठी आलेल्या गॅस इंजिनिअरने पुढचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. मुख्य हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे ज्वालेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, सांध्याशी पांढरे ओघळ, खाली गंजाची पूड. गेला महिनाभर सिस्टिमचा दाब दर दोन-चार दिवसांनी अर्ध्या बारच्या खाली का उतरत होता, त्याचं उत्तर समोर होतं. थंड असताना तो १ ते दीड बार राहायला हवा.

बॉयलर २००३ चा, आधीच्या मालकांनी बसवलेला. नवा एक्स्चेंजर आता कारखान्यातून मिळत नाही. दुरुस्त केलेला जुना भाग मिळाला तर मजुरी धरून ५२० पौंड, आणि बाकीच्या बावीस वर्षं जुन्या भागांची हमी कोणीच देणार नाही. आज गॅस गळती किंवा धुराचा धोका नाही, हे त्याने मोजून सांगितलं. पाणी मात्र गळतच राहणार.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. इथे स्वयंपाकघराच्या भिंतीवरची ही एकच पेटी दोन कामं करते: खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरना गरम पाणी फिरवते आणि नळालाही लगेच गरम पाणी देते. तिला कॉम्बी म्हणतात. ती जानेवारीत बंद पडली तर आंघोळ अडतेच, शिवाय घरात राहणंही अवघड होतं. म्हणून मरेपर्यंत वाट बघायची नाही, हे आजच ठरवलं. आई १७ ऑक्टोबरला नाशिकहून येणार आहे. २० तारखेला नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नानाला गरम पाणी हवं, ही या प्रकल्पाची मुदत.

७ सप्टेंबर, रविवार

कोटेशनं मागवण्याआधी घराचे स्वतःचे आकडे हातात हवेत. नाहीतर जो येईल तो "तीन बेडरूम, म्हणजे ३० किलोवॅट" म्हणून मोकळा होतो. आज दिवसभर तेच केलं.

घर १९३० च्या दशकातलं, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. भिंतींच्या पोकळीत इन्सुलेशन भरलेलं आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या, माळ्यावर जेमतेम १०० मिलिमीटर जुना थर. एकच बाथरूम.

स्मार्ट मीटरमधून गेल्या जानेवारीतला एक कडक दिवस काढला. बाहेर सरासरी शून्य अंश, आत १९. गॅस १५० युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. त्यातले नळाच्या पाण्याचे आणि शेगडीचे १५ वजा केले. उरलेल्या १३५ पैकी जुना बॉयलर ८० टक्के उष्णता घरात देतो असं धरलं, तर १०८. चोवीस तासांनी भागलं की साडेचार किलोवॅट. बाहेर उणे दोन आणि आत २१ हवेत असं धरून वाढवलं तरी ५.४.

सगळ्यात वाईट दिवशीही हे घर साडेपाच किलोवॅटवर भागतं. भिंतीवरची पेटी २८ किलोवॅटची आहे. हा फरक नळाच्या पाण्यासाठी लागतो, कारण कॉम्बी पाणी साठवत नाही, वाहत्या पाण्याला तापवते. रेडिएटरसाठी एवढी ताकद कधीच लागत नाही. उलट तीच आडवी येते. बाहेर १० अंश असताना घराला हवेत साधारण अडीच किलोवॅट. बॉयलर पाच-सहाच्या खाली उतरू शकत नसेल तर तो पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. गॅस वाया जातो आणि भाग झिजतात. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला कमाल आकड्याआधी किमान आकडा विचारणार आहे.

दुसरा हिशोब रेडिएटरचा. प्रत्येकाची लांबी-रुंदी मोजून कारखान्याच्या तक्त्यांतून क्षमता काढली. एकूण ११ किलोवॅट. पण तक्ते पाणी खोलीपेक्षा ५० अंश गरम असतं असं धरतात. मला पाणी ५५ वर पाठवून ४५ वर परत आणायचं आहे, म्हणजे खोलीपेक्षा सरासरी ३० अंशच गरम. तेवढ्यात रेडिएटर साधारण निम्मीच उष्णता देतो: ११ चे ५.७. गरज ५.४. बसलं!

हा ५५ चा हट्ट कशासाठी? नवे बॉयलर कंडेन्सिंग असतात. धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही परत घेतात. पण परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच त्या वाफेचं नीट पाणी होतं. इंग्लंडमधल्या कित्येक घरांत कंडेन्सिंग बॉयलर ७५-८० अंशांवर लावलेला असतो आणि परतणारं पाणीच ६० च्या वर राहतं. जी कार्यक्षमता विकत घेतली ती फ्लूमधून, म्हणजे धुराच्या नळीतून, बाहेर जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ती मिळवायला कुठलीही वेगळी वस्तू घ्यावी लागत नाही, एक बटण फिरवावं लागतं.

उत्तरेकडच्या छोट्या खोलीचा हिशोब मात्र बसत नाही. तिथे एकपदरी रेडिएटर आहे, दुपदरी लागेल.

१३ सप्टेंबर, शनिवार

पाण्याची मोजणी. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडून बादली भरली, घड्याळ लावलं. मिनिटाला ११ लिटर. वरच्या बाथरूममध्ये १० च्या आसपास.

आता गणित सरळ आहे. पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर २४ किलोवॅटमध्ये मिनिटाला ९.८ लिटर मिळतं, ३० मध्ये १२.३. रस्त्याखालच्या पाइपातून वरच्या मजल्यावर १० लिटरच येत असतील तर ३० किलोवॅटचे जास्तीचे पैसे कुणासाठी? एक बाथरूम, आणि आई तर बादली-तांब्यानेच आंघोळ करते. २४ पुरे.

थेम्सच्या खोऱ्यातलं पाणी जड, खडूच्या थरांतून आलेलं. कडकपणा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या बराच वर. एवढ्या जड पाण्यात कॉम्बीच्या थंड पाण्याच्या वाटेवर क्षार रोखणारं साधन असावं असं इथले बांधकाम नियमच सांगतात. कोटेशनच्या यादीत तेही घातलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रात्री जेवणानंतर हिच्याबरोबर पैशांचं बोलणं. हिचा प्रश्न नेमका होता: "नवा घेतला तर बिल किती कमी होईल?"

वर्षाला आपला गॅस सुमारे १३,००० युनिट. ८० टक्क्यांवरून ९० वर गेलो तर साधारण १,४४४ युनिट वाचतात. सध्याच्या ६.३ पेन्सच्या दराने ९१ पौंड. तीन हजारांचा खर्च ९१ ने भागला तर तीसेक वर्षं. एवढी वर्षं नवा बॉयलरही टिकत नाही.

म्हणून स्वच्छ लिहून ठेवतो: चालता बॉयलर केवळ बचतीसाठी बदलू नये. "बिल निम्मं होईल" म्हणणाऱ्या पत्रकांवर विश्वास ठेवू नये. आपण बदलतोय कारण तो गळतोय, भाग मिळत नाहीत आणि थंडी तोंडावर आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारं यंत्र. हा प्रश्न टाळून गॅसकडे जाणं मला पटलं नसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जुना बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्याला सरकार ७,५०० पौंड देतं. हे अनुदान ऑक्टोबर २०२३ पासून एवढं झालं, त्याआधी ५,००० होतं. वर हीट पंपावर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य, तर गॅस बॉयलरवर २० टक्के.

आज एका प्रमाणित कंपनीचा माणूस येऊन खोलीखोली मोजून गेला. त्याचा उष्णतेचा आकडा ५.६ किलोवॅट, माझ्या ५.४ च्या शेजारी. मीटरवरून काढलेला हिशोब विश्वासाचा ठरला, याचं समाधान वाटलं. अनुदान वजा जाता किंमत ६,४०० पौंड.

चालवण्याचा खर्च: वीज साधारण २६ पेन्स, गॅस ६.३. चौपटीहून थोडी महाग. बॉयलर ९० टक्के धरला तर हीट पंपाने एका युनिट विजेत वर्षभराच्या सरासरीने ३.७ युनिट उष्णता दिली, तरच बिल बरोबरीत येतं. चांगल्या रचनेत साडेतीन ते चार मिळतात. म्हणजे इथे बिलाचा फायदा-तोटा फारसा नाही. गॅसचं मीटर काढून टाकलं तर स्थिर आकाराचे वर्षाला सव्वाशे पौंड वाचतील, पण शेगडी गॅसची आहे. भाकरी आणि फुलका थेट ज्योतीवर भाजायचा, हे या घरात सध्या तरी बदलणार नाही.

अडलं वेगळ्याच ठिकाणी. हीट पंपाला गरम पाण्याची २०० लिटरच्या आसपासची टाकी लागते. २००३ मध्ये कॉम्बी आला तेव्हा जिन्यावरचं टाकीचं कपाट तोडून तिथे शॉवर झाला. आता जागा फक्त माळ्यावर, आणि तिथे वजन पेलायला तुळया बळकट कराव्या लागतील. ते काम आम्ही माळा राहता करू तेव्हाच शहाणपणाचं, दोन-तीन वर्षांनी.

निर्णय: आत्ता बॉयलर, पण हे गॅसचं शेवटचं यंत्र असं धरून. आज जो रेडिएटर बदलेन, जे इन्सुलेशन घालेन, ते ५५ अंशांच्या पाण्यासाठी असेल आणि उद्या हीट पंपालाही तेच लागेल. घर तयार करण्यावर खर्च केलेला पौंड पेटीवर खर्च केलेल्या पौंडापेक्षा जास्त टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

तीन कोटेशनं आली. वेगळ्या गोष्टींच्या किमती आहेत या, एकाच कामाच्या नाहीत. व्हॅट तिन्हींत धरलेला.

पहिलं, देशभर काम करणाऱ्या मोठ्या कंपनीचं: ४,१५० पौंड. ३० किलोवॅट. माणूस अर्धा तास होता, त्यातला बराच वेळ हप्त्यांच्या योजनेवर गेला. पत्रकात ठळक अक्षरांत "हायड्रोजन-रेडी". याचा अर्थ त्या बॉयलरला गॅसमध्ये २० टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळलेला चालतो. घराघरांत शुद्ध हायड्रोजन पोचवण्याची जी गावपातळीची चाचणी रेडकारला व्हायची होती, ती सरकारने डिसेंबर २०२३ मध्येच सोडून दिली. त्यासाठी मी एक पेनीही जास्त देणार नाही.

दुसरं, ऑनलाइन. फोटो पाठवा, किंमत घ्या: २,३९० पौंड. आकडा बघून हिचे डोळे लकाकले, म्हणून दोघांनी बसून खालच्या बारीक अटी वाचल्या. गॅसचा पाइप बदलावा लागला तर ३५० वेगळे. कंडेन्सेटची (धुरातल्या वाफेच्या झालेल्या पाण्याची) वाट तीन मीटरपेक्षा लांब असेल तर १५० वेगळे. पाइपांची सफाई फक्त औषध टाकून. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर नाही. रेडिएटर नाही. आपल्या घराला यातलं सगळंच लागणार, मग बेरीज तीन हजारांच्या वर जाते. स्वस्त आहे, पण जेवढं दिसतं तेवढं नाही. ज्या घरात आधीच कंडेन्सिंग कॉम्बी आहे, पाइप पुरेसा जाड आहे आणि नवा त्याच जागी लागणार आहे, तिथे हा सौदा चांगलाच असेल.

तिसरं, जवळच राहणाऱ्या एकट्याने काम करणाऱ्या इंजिनिअरचं: ३,३०० पौंड. हा दीड तास होता. आल्याआल्या त्याने मीटरपाशी दाब मोजला, मग शेगडी आणि बॉयलर दोन्ही पूर्ण पेटवून बॉयलरपाशी मोजला. मधे २.३ मिलिबार हरवत होते. नियमाने १ च्या वर हरवता कामा नये. मीटर पुढच्या दारापाशी, बॉयलर मागच्या स्वयंपाकघरात, आणि मधला सगळा पाइप १५ मिलिमीटरचा. तो २२ चा करायला हवा. बाकी दोघांनी हे मोजलंच नव्हतं. मी २४ किलोवॅट म्हटल्यावर त्याने वाद घातला नाही, स्वतः बादली लावून पाणी मोजलं आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." मॉडेल सुचवलं ते ३ किलोवॅटपर्यंत खाली उतरणारं.

याचं घेतलं.

गॅस सेफ रजिस्टरवर त्याचा क्रमांक घालून पाहिला. १ एप्रिल २००९ पासून ब्रिटनमध्ये गॅसचं काम करणाऱ्यांची हीच अधिकृत नोंदवही आहे, त्याआधीचं कॉर्गी कार्ड आता चालत नाही. कार्डाची मागची बाजू जरूर वाचावी. कुठल्या कामांची पात्रता आहे ते तिथे लिहिलेलं असतं. केवळ शेगडी जोडायची परवानगी असलेला माणूस बॉयलर लावू शकत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा कल "ओळखीचा प्लंबर आहे, रोखीत करून देईल" असा असतो. नळासाठी ठीक. गॅससाठी ते बेकायदा आहे, घर विकताना कागद मिळत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेजारच्या बाईंकडे जाऊन आलो. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. आपल्या बॉयलरचा फ्लू दोन घरांमधल्या बोळात उघडतो. जुन्या बॉयलरचा धूर गरम, न दिसता वर जायचा. कंडेन्सिंगचा थंड आणि ओला असतो. थंडीत पांढरे लोट दिसतात आणि खाली रेंगाळतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच आहे.

उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३०० मिलिमीटर आणि समोरच्या भिंतीपासून ६०० हे नियमातले आकडे आपण पाळतोच. पण नियमात बसणं आणि म्हाताऱ्या माणसाला खिडकी उघडता येणं या दोन गोष्टी आहेत. इंजिनिअरशी बोलून फ्लूला वर वळवणारी नळी जोडायचं ठरवलं. फ्लूसकट १३५ पौंड. बाईंना चित्र काढून दाखवलं. त्यांनी विचारलं, "आवाज होईल का?" जुन्यापेक्षा कमी, असं सांगितलं.

बोलता बोलता कळलं की त्यांचं नाव वीज-गॅस कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये नाही. वयस्कर आणि आजारी लोकांना पुरवठा खंडित झाला तर आधी मदत मिळते, आणि ते फुकट आहे. त्यांच्या टेबलावरच फोन लावून नोंद करून दिली.

१ ऑक्टोबर, बुधवार

ऑफजेमची, म्हणजे इथल्या वीज-गॅस नियामकाची, नवी दरमर्यादा लागू. आमच्या हिशोबात काही फरक पडत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कामाचा पहिला दिवस. सकाळी आठला गॅस आणि पाणी बंद.

आधी सफाई. जुना बॉयलर जोडलेला असतानाच मोठा पंप लावून एकेका रेडिएटरमधून पाणी जोरात फिरवलं. पहिलं आलेलं पाणी कोऱ्या चहासारखं काळं. लोखंडाचा गाळ, बावीस वर्षांचा. खालच्या बैठकीतला रेडिएटर तळाशी नेहमी गार का राहायचा, ते आज कळलं. या कामाचे ३८० पौंड. नव्या बॉयलरचे पाण्याचे मार्ग बारीक असतात. हा गाळ त्यात गेला असता तर पहिल्याच हिवाळ्यात तो चोंदला असता, आणि सफाईचा पुरावा नसेल तर कंपनी हमीही नाकारू शकते. परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसतो, म्हणजे पुढे सुटणारा गाळ तिथे अडेल.

दुपारी गॅसचा पाइप. मीटरपासून फळीखालून २२ मिलिमीटरचा तांब्याचा, फक्त शेवटचा छोटा तुकडा १५ चा. जिन्याखालच्या दोन फळ्या काढाव्या लागल्या. मीटरच्या बाहेर पडणाऱ्या पाइपाला अर्थिंगची जाड हिरवी-पिवळी तार आहे का हे त्याने पाहिलं. १० चौरस मिलिमीटरची, आहे.

संध्याकाळी घर गार. मुलांना शालीत गुंडाळून पिठलं-भात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जुना उतरला, नवा चढला. फ्लूचं जुनं भोक मोठं होतं, विटा लावून नीट बुजवलं.

आजचं महत्त्वाचं काम कंडेन्सेटचं. जुन्या बॉयलरला ही नळीच नव्हती, कारण एप्रिल २००५ च्या आधी इथे कंडेन्सिंगची सक्ती नव्हती. २००३ किंवा त्याआधीचा बॉयलर बदलणाऱ्या बहुतेकांना हे नवं काम निघतं. ज्वलनातून पाणी निघतं, तासाला लिटर-दोन लिटरपर्यंत, थोडं आम्लाचं. तांब्याचा पाइप ते खातं, म्हणून प्लास्टिकचाच लागतो. आणि ते गटारापर्यंत उतारानेच जायला हवं.

सोपा मार्ग म्हणजे भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढायची. तो मी नको म्हटला. डिसेंबर २०१० मध्ये, शंभर वर्षांतल्या सर्वांत थंड डिसेंबरात, या देशात बाहेरच्या नळ्या गोठून असंख्य बॉयलर ऐन बर्फात बंद पडले होते. पाणी साचलं की बॉयलर स्वतःच थांबतो. तेव्हा नळी आतूनच नेली, कपाटांच्या मागून, मीटरला ५० मिलिमीटरच्या उताराने, सिंकच्या सांडपाण्याला. त्यासाठी हिच्या मसाल्यांचा खण दोन इंचांनी अरुंद झाला. हिने मोजून पाहिलं आणि चालेल म्हणाली. बाहेर काढणं टाळताच येत नसेल, तर बाहेरचा भाग ३२ मिलिमीटरचा, शक्य तितका आखूड आणि इन्सुलेशन गुंडाळलेला असावा.

दाब ३ बारच्या वर गेला तर पाणी सोडणाऱ्या झडपेची नळी मात्र बाहेरच जाते, जमिनीकडे तोंड करून, म्हणजे उकळतं पाणी कुणाच्या अंगावर उडणार नाही. विजेसाठी ३ अँपिअरचा फ्यूज असलेला वेगळा स्विच. उत्तरेच्या भिंतीवर तापमानाचा सेन्सर, ऊन लागणार नाही अशा जागी. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या कॉम्बीबरोबर वेळ आणि तापमानाचं नियंत्रण तर हवंच, शिवाय चारपैकी एक जास्तीचा उपाय लागतो. हा सेन्सर त्यातला एक, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी.

मग चाचण्या. या त्याने घाईत उरकल्या नाहीत, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटला. गळती तपासली. गॅसचा दाब मीटरपाशी २०.६, बॉयलरपाशी शेगडीसकट १९.९. फरक ०.७. गरम पाण्यावर पूर्ण ताकदीने चालवून मीटर वाचलं, तासाला २.४ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट, म्हणजे तासाला २६ च्या आसपास. २४ किलोवॅट पाण्यात उतरवायला साधारण एवढाच गॅस लागतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडशी प्रमाण ०.०००९, मर्यादा ०.००४. सगळे आकडे बॉयलरच्या पुस्तिकेतल्या बेंचमार्कच्या, म्हणजे चाचण्यांच्या नोंदीच्या, पानावर लिहून सही केली. हे पान कोरं सोडून जाणारे बरेच असतात. ते कोरं असेल तर शेवटचा हप्ता देऊ नये.

रेडिएटरसाठीची कमाल ताकद त्याने माझ्या सांगण्यावरून २४ वरून ८ किलोवॅटवर आणली.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी आणून ठेवला होता, २२ पौंड. ऑक्टोबर २०२२ पासून नवा बॉयलर बसवला की तो सक्तीचा आहे. बॉयलरपासून एक ते तीन मीटरच्या आत.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी

पहाटे साडेपाचला उटणं, तेल, पाठोपाठ सगळ्यांच्या आंघोळी. बादली भरायला पूर्वीइतकाच वेळ, पाणी शेवटपर्यंत एकसारखं गरम. आई म्हणाली, "एवढीशी पेटी, आणि किती रे लागले?" सांगितले. रुपयांत केल्यावर चार लाखांच्या जवळ जातात. आईने पुढे काही विचारलं नाही, मला फराळाचं ताट दिलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

रात्री घड्याळं एक तास मागे गेली. कंट्रोलरने वेळ आपोआप बदलली, पाहून घेतलं.

बाहेरच्या तापमानाची वक्ररेषा लावायला घेतली. बाहेर उणे दोन असेल तर पाणी ५५, दहा असेल तर ३८. रेडिएटर आता हाताला जेमतेम कोमट लागतात आणि दिवसभर लागतात. आईला वाटलं बंदच आहेत. खोलीतलं थर्मामीटर २० दाखवतंय. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास तापवून मधे बंद ठेवण्याची जुनी सवय सोडावी लागते. घरच्यांना हे समजावणं बॉयलर निवडण्याइतकंच महत्त्वाचं. नाहीतर कुणीतरी गार वाटलं म्हणून ७५ करून ठेवतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गॅस सेफकडून बांधकाम नियमांचं प्रमाणपत्र टपालाने आलं. इंजिनिअरने काम कळवल्यावरच ते येतं. घर विकताना वकील हाच कागद मागतो. बॉयलरची दहा वर्षांची हमी कंपनीकडे नोंदली गेली, त्याचाही ईमेल आला. अट एकच, दरवर्षी सर्व्हिस आणि पुस्तिकेत शिक्का. दोन्ही कागद घराच्या फाइलमध्ये.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली खरी थंडी. रात्री पारा शून्याखाली गेला. पाणी ५४ वर जाऊन परत ४४ ला येत होतं. बॉयलर मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत न विझता मंद चालला. छोट्या खोलीतला नवा दुपदरी रेडिएटर पुरला. बोळात जाऊन फ्लू पाहिला, लोट सरळ वर जातोय. शेजारच्या बाईंची खिडकी थोडी उघडी होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हिशोब बंद करतो. एकूण ३,३०० पौंड आणि अलार्मचे २२. त्यात प्रत्यक्ष बॉयलर १,०२० चा. मजुरी ७२०, सफाई ३८०, गॅसचा पाइप २९०, रेडिएटर २१०, कंडेन्सेट-झडप-वीज मिळून १८०, सेन्सर आणि कंट्रोलर १६५, फिल्टर आणि औषधं १४०, फ्लू १३५, क्षार रोखणारं साधन ६०. कोणी मला "बॉयलर केवढ्याला पडला?" विचारलं तर मी ही सगळी यादीच पाठवतो. नुसता आकडा दुसऱ्या घराला लागू पडत नाही. ज्यांचा पाइप आधीच २२ चा आहे, कंडेन्सेटची वाट आहे आणि पाणी स्वच्छ आहे, त्यांचे यातले आठ-नऊशे सहज वाचतील. ज्यांना बॉयलरची जागा बदलायची आहे त्यांचे तेवढेच वाढतील.

राहिलेलं काम माळ्याचं. १०० मिलिमीटरचा थर २७० करायचा. इन्सुलेशन कंत्राटदाराकडून बसवून घेतलं तर त्यावरही मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे. पण माळा राहता करायचा असेल तर इन्सुलेशन छताच्या उतारात हवं, जमिनीवर घातलेलं उचलावं लागेल. आर्किटेक्टची वेळ १३ डिसेंबरची घेतली आहे. २०० लिटरच्या टाकीचं वजन आणि जागा पहिल्याच नकाशात धरायला त्यांना आजच लिहून पाठवलं.